नंदाच्या वरातीतलं इंग्रजी गाणं

मागच्या गुरुवारी दुपारी सोलापूरच्या बाळीवेशीतून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची, नंदाची अंत्ययात्रा निघाली. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला फुलांच्या विमानात, म्हणजे उघड्या पालखीत, बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात मोगऱ्याचे हार... आणि पुढे बँड.

पहिलं भजन संपलं आणि क्लॅरिनेटवर दुसरी चाल सुरू झाली. अगदी संथ. तिसऱ्या ओळीला मी ओळखलं... हे आमचं गाणं होतं.

गाण्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की सगळे कमेंटमध्ये लिंका टाकत बसाल. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय गायिकेचं, डिस्कोच्या दिवसांतलं. गळा चर्चमध्ये घडलेला, सूर सोलचा, आणि खाली पायांना गप्प बसू न देणारा ठेका.

तिकडे आधी ते क्लबांमध्ये गाजलं. मग डिस्कोचीच टिंगल सुरू झाली आणि तेही अडगळीत गेलं. मग पुन्हा लग्नांत, जाहिरातींत, आता रील्समध्ये... माझी भाची त्याला 'व्हिंटेज' म्हणते.

सोलापुरात, निदान आमच्यापुरतं, ते माझ्या भावाच्या कॅसेटमधून आलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सकाळी हिम्स म्हणायचो आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली नंदा हे गाणं म्हणत नाचायची. सिस्टरांनी दोनदा पकडलं. तिच्यासारखं नाचणारं मी नंतर कुणी पाहिलं नाही.

बारावी झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा, शालू, पंगतीतली गव्हाची खीर, हुग्गीसुद्धा मोठ्यांनी ठरवली. तिला कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, एक तरी गोष्ट तिच्या आवडीची व्हावी... म्हणून मी कॅसेट घेऊन बँडच्या मास्तरांकडे गेले. चार दिवस ऐकून त्यांनी नुसत्या कानाने चाल उचलली.

वरात टिळक चौकात आली आणि मास्तरांनी ते गाणं सुरू केलं. आम्ही वर्गातल्या मुली ओरडलो, "नंदे, ऊठ की!" आणि उघड्या जीपमध्ये नवऱ्याशेजारी बसलेली, बाशिंग बांधलेली नंदा... उठली. नाचली.

सासूने बँड थांबवला आणि सगळ्यांदेखत हाताला धरून तिला खाली बसवलं. त्या दिवसापासून सासरी तिचं नाव पडलं, 'कुणियाकी'. कानडीत, नाचणारी. भाजी खारट झाली की, "कुणियाकीला स्वैपाक कुठनं यायचा?" मूल लवकर होईना, तरी तेच. तिची आई मला हे सांगायची आणि मी मान खाली घालून ऐकायचे.

आणि मी तिच्या घरी जाणं टाळलं. नव्या पेठेत कधी दिसलीच तर लांबूनच हसायचे, घाईत असल्यासारखी. कोणत्या तोंडाने जाणार होते? अशी चाळीसहून जास्त वर्षं गेली...

म्हणून गुरुवारी मी गर्दीतून पुढे घुसले. क्लॅरिनेट मास्तरांचा मुलगा वाजवत होता. तोही आता साठीला आलेला. "बंद करा हे! आज तरी नको."

त्याने क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. "का ओ बाई? मयताचंच हाय की हे."

"अहो, नाचाचं गाणं आहे हे. इंग्रजी."

"काय तरी काय! वडलांनी शिकवलंय. लग्नात अजाबात वाजवायचं न्हाय म्हणून शपथ घातलीया मला. त्याच्यापायी कुण्या पोरीच्या संसाराचं वाटोळं झालं म्हणं. निम्मं सोलापूर ह्याच्यावर पोचवलंय आमी."

म्हणजे मास्तरसुद्धा माझ्यासारखेच स्वतःला दोष देत राहिले होते... तेवढ्यात नंदाची सून सुवर्णा जवळ आली.

"मावशी, तुम्हीच का त्या कॅसेटवाल्या?"

मी रडायलाच लागले. माफ कर, एवढंच म्हणत राहिले.

"अहो, वाजू द्या की. कुणाचंही मयत रस्त्यानं जाऊ दे, हे लागलं की अत्ती गॅस बंद करून दारात यायच्या." सासूला त्यांच्यात अत्ती म्हणतात. "लोकांना वाटायचं, हात जोडायला आल्यात. खाली बघावं तर पाय चाललेले असायचे! विचारलं तर म्हणाल्या, माझ्या लग्नात माझ्यासाठी म्हणून तेवढंच झालं बघ. मैत्रिणीनं केलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण सुवर्णाचं बोलणं संपलं नव्हतं.

"मी म्हणायची, बोलवा की मग त्यांना एकदा. तर म्हणायच्या, ती इंग्रजी शाळेत टीचर झाली, आपल्याकडं कशाला येईल."

तिने हे सहज सांगितलं. टोमणा नव्हता... असता तर बरं झालं असतं.

क्लॅरिनेट पुन्हा सुरू झालं. त्यांच्यात बायकाही जातात, मी रुद्रभूमीपर्यंत चालले. नंदाला मांडी घातलेल्या अवस्थेत खड्ड्यात उतरवलं, सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. इतकी वर्षं मी त्या गाण्याला अपराधी ठरवत आले. तिला बोल लावणारं तिचं सासर होतं. पण तिला एकटं टाकणारी मी होते, आणि ती मात्र समजत राहिली की मला तिची लाज वाटते.

रविवारी तिच्या घरी गेले. माझ्या घरून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं लागली. "बसा की मावशी," म्हणत सुवर्णाने खुर्ची पुढे केली, चहा ठेवला. नंदाच्या घरात मी पहिल्यांदाच बसले होते.

सुवर्णाचे आभार मानायचे होते, पण चहा पिऊन तशीच उठले. म्हणून इथे लिहिते... सुवर्णा, उशिरा आलेल्या बाईला तू दारातून परत पाठवलं नाहीस.