दुकानाच्या पाटीवरच्या माझ्या मेंढ्या

माझ्या धाकट्या भावाचं वाशीमला गाद्यांचं दुकान आहे आणि त्याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कोणी माझी समजूत घालायला येणार नाही.

आमचे अब्बा पिंजारी होते. आतड्याच्या तातीचं मोठं धनुष्य, ज्याला आम्ही पिंजण म्हणतो, खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजून द्यायचे. ते थकल्यावर भावाने पिंजायचं मशीन घेतलं, पुढे मशीनही काढून टाकलं आणि फोमच्या तयार गाद्या आणून ठेवल्या. अब्बांचं पिंजण त्याने गच्चीवर उन्हापावसात फेकलं होतं. मी ते उचलून माझ्या सासरी, वाशीमजवळच्या मालेगावला आणलं. तेव्हा ते कोणत्या कामाला येईल हे मला ठाऊक नव्हतं. फेकवत नव्हतं, एवढंच.

मेंढ्या घरात आल्या त्या माझ्या नवऱ्यामुळे. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. रिठदला एका धनगराच्या विहिरीवरची मोटार बघायला गेला होता. त्या घरच्या पोरांना मेंढरं नको झाली होती, कळप विकून झाला होता. घरातल्या म्हातारीने मात्र थोड्या काळ्या मेंढ्या अडवून धरल्या होत्या, त्या कसायाला द्यायला ती तयार नव्हती. नवऱ्याने त्या आणल्या. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग लोकरीचं काय करायचं म्हणून म्हातारीकडे जायला लागले, आणि तिच्याकडून सूत काढायला आणि मागावर बसायला शिकले. अब्बांचं पिंजण होतंच, पिंजायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मेंढी हा मूर्ख प्राणी आहे. एक नालीत उतरली की बाकीच्या का म्हणून विचारत नाहीत. लोक येतात, मोबाइलवर फोटो काढतात, "किती गरीब असतात ना" म्हणतात. गरीब कसल्या, हट्टी आणि खादाड असतात. मी त्यांना लोकरीसाठी पाळते, लाडासाठी नाही. वर्षातून दोनदा धुवायच्या, कातरायच्या, लोकर निवडायची, पिंजायची, कातायची. मग आसनं आणि एखाददुसरी घोंगडी होते. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावली की पहिल्यांदा ती पाठीला टोचते. टोचते म्हणून परत करणारेही भेटले. त्यांना मी आग्रह करत नाही.

भाऊ ईदला आला तेव्हा नाकाला रुमाल लावून अंगणात उभा होता.

"आपा, बास मारते. कसायाले देऊन टाक. दावत तरी होईन."

तेवढ्यात त्याने मेंढ्यांचे फोटो मात्र काढले. पोरांना दाखवायला काढले असतील, असं मला वाटलं.

हिवाळा लागला तशी शेजारची ताई माझ्याकडे आली. ताई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, बौद्धवाड्यातली, माझ्या कातरणीच्या दिवसांत मेंढ्यांचे पाय धरायला तीच येते. तिच्या हातात घडी केलेली काळी घोंगडी होती. जावयाला द्यायला घेतलेली.

"भाभी, हे पाय बरं, तुयाच हातची हाय ना?"

"कुठून आणली?"

"तुया भावाच्या दुकानातून. पाटीवर तुया मेंढ्याचा फोटो हाय. ते कान फाटलेली बी दिसून राह्यली. म्या म्हटलं, तुयीच असन."

मी घोंगडी हातात घेतली. मऊ, गुळगुळीत, कडेला मशीनची शिलाई. मेंढीच्या अंगाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. ताई बिचारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने माझ्याकडून न घेता दुकानातून का घेतली, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "तू माह्याकून पैसे घेत नाईस, म्हून तिकडून घेतली." मग मला रागावायलाही जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने वाशीमला गेलो. दुकानावर खरंच नवी पाटी होती. माझ्या मेंढ्या, माझं अंगण, दोरीवर वाळणारी माझी ओढणीसुद्धा. वर लिहिलं होतं, अस्सल लोकरीची घोंगडी. दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. घरात आम्ही भावंडं उर्दू बोलतो, पण गिऱ्हाइकांसमोर तो मराठीत बोलतो, म्हणून मीही मराठीतच बोलले.

"हे कायची घोंगडी हाय?"

"लोकरीची, आपा. बस ना, चहा सांगतो."

मी त्या घोंगडीचा एक धागा ओढला आणि काडी लावली. तो वितळला आणि काळी गोळी होऊन माझ्या नखाला चिकटला. मग पिशवीतून माझ्या सुताचा धागा काढून पेटवला. जळलेल्या केसांसारखा वास सुटला, चिमटीत धरल्यावर राख झाली. दोन्ही मी सगळ्यांना दाखवलं. मला वाटलं, आता लोक त्याला धरतील.

भाऊ हसला. "आपा, कोणी घोंगडी जाळून पांघरते काय?"

सगळं दुकान हसलं. नवरा-बायकोचं एक जोडपं होतं, त्यातली बाई माझ्या धाग्याचा वास घेऊन म्हणाली, "छी, कसा घाण वास येते," आणि तिने वितळणारी घोंगडी बांधून घेतली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, समजून उमजून. भावाचा राग मला होताच, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांबद्दलचा उरलासुरला आदरही गेला. फसवणारा निदान मेहनत तरी करतो. ताईने आपली घोंगडी गल्ल्यावर ठेवली आणि हात पुढे केला. भावाने तिचे पैसे परत केले. पाटीचं विचारलं तर म्हणाला, "मेंढीच्या तोंडावर कोणाचं नाव असते काय?"

मी वर्षभर त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही.

पुढच्या थंडीत तो स्वतःच मालेगावला आला. मोटारसायकलने नाही, बसने. मिठाईचा डबा होता हातात. एका गिऱ्हाइकाला अस्सल घोंगडी हवी आहे, म्हणाला. बसायला पाट दिला तर भिंत धरून, दात आवळून खाली बसला.

"गिऱ्हाइकाची कंबर दुखते काय?" मी विचारलं.

त्याने मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरने फोमवर झोपाचं बंद केलं. अब्बा म्हणत, लोकरीची ऊब कंबरेले बरी."

अब्बांचं नाव त्याच्या तोंडून ऐकून मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "पाटी उतरव, मंग घोंगडी ने."

त्याने माझ्यासमोरच दुकानातल्या माणसाला फोन लावला. उतरवलेल्या पाटीचा फोटो मोबाइलवर आल्यावर मी त्याला घोंगडी दिली, खळ लावलेली, टोचणारी. पैसे घेतले, पूर्ण. ताईला लावत नाही तो भाव त्याला लावला.

महिन्याभरात तिथे दुसरी पाटी लागली, बर्फाच्या डोंगरावर पांढऱ्या मेंढ्या. त्या कोणाच्या आहेत ते त्यांच्या मालकिणीने बघावं. भावजय फोनवर सांगते, तो आता जमिनीवर माझी घोंगडी अंथरून झोपतो आणि दिवसभर दुकानात ती दुसरी विकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमतात, हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, तू त्याच्यासोबत राहतेस, तूच सांग.

सध्या मी ताईच्या बुद्धविहारात ध्यानाला बसायची आसनं विणते आहे. टोचतील, हे मी आधीच सांगितलं आहे. ताई म्हणाली, टोचू दे, झोप तरी येणार नाही.