टायरला तीस, इंजिनाला सहा

नवऱ्यानं चौसाळ्याहून टर्बो आणला तो गोणपाटात गुंडाळून. मी उघडून बघितलं आणि म्हणाले, ही लोखंडी गोगलगाय कुठून धरून आणलीत. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीतला तो टर्बो, आणि तो आता आमच्या छोट्या पेट्रोल गाडीला बसणार होता.

कारण होतं घाट. आमचं गाव धारूर घाटाच्या पायथ्याला. घरी म्हशी, दारात खव्याची भट्टी, आणि खवा विकायचा तो वर धारूरला. मागची सीट काढून डबे भरले आणि खवा आंबू नये म्हणून एसी लावला, की गाडी निम्म्या घाटात दम टाकायची. ही गाडी घेण्याआधी नवरा दर हंगामाला उसाचा ट्रॅक्टर चालवायला जायचा; दिवाळी झाली की जो जायचा तो उन्हाळ्यातच दिसायचा. खव्याचा धंदा चालला तर तो घरी राहणार होता, नाही तर परत ट्रॅक्टरवर. मला तो घरी हवा होता. म्हणून टर्बोत मलाही त्याच्याइतकाच रस होता. खरं तर जास्तच, कारण कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

टर्बोचं काम सोपं आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण कोंबायची किती? टर्बो बसवणारा मिस्त्री म्हणाला, ज्या गाडीतून काढलाय तिला पंधरा पौंड दाब चालायचा, पण तिचं इंजिन त्यासाठीच घडवलेलं. तुमचं कंपनीतून आलंय तसंच आहे. त्याला पेट्रोल वाढवून, ठिणगी थोडी उशिरा पाडून, पाच-सहा पौंड द्यायचे, त्यापुढं नाही. मी मोबाइलवर वाचलं, तिथंही बहुतेक जण सहाच्या आसपासच घुटमळत होते.

नवऱ्याला हे पटेना. "टायरला तीस पौंड हवा भरतोत आपण," तो म्हणाला, "आन् एवढ्या लोखंडाला सहा?"

प्रश्न मला फार आवडला. भट्टीवर खवा घोटताना तोच डोक्यात. शेवटी सायकलचा पंप घेतला, तोंडावर अंगठा दाबून धरला आणि दट्ट्या मारत राहिले. पंपाचं बूड चटका बसेल इतकं तापलं. तेव्हा उलगडा झाला. टायरातली हवा नुसती बसून असते. इंजिनातली हवा आधी टर्बो दाबतो, मग पिस्टन तीच हवा पुन्हा दहापट दाबतो. ती एवढी तापते की पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच पेटतं, आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. मी नवऱ्याला पंपाचा चटका दिला. तो हसत हो म्हणाला. असं हसत म्हटलेलं हो मी कधीच पक्कं धरत नाही.

सहा पौंडांवर गाडी एसी लावूनही घाट चढू लागली, फक्त डबे थोडे कमी ठेवावे लागत. मग एका सकाळी त्यानं सगळे डबे भरले. मी सोबत बसले. पहिल्याच चढाला बघते तर टर्बोच्या दाबाचा काटा दहावर.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची एक रीत आहे. दोन ट्रॉल्या ओढेनात, तर डिझेलच्या पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, मग अजून अर्धा. नळीतून भकाभका काळा धूर आला की समजायचं, बास झालं. नवरा आरशात धूर शोधत होता. धूर नव्हता, गाडी पळत होती, आणि तो खुशीत होता. मला मात्र बॉनेटखालून त्याच हातोड्याची टिकटिक ऐकू येत होती, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तशी.

मी थांबा म्हणाले. तो म्हणाला, धूर कुठं हाय.

"पेट्रोलचं इंजन धूर दावत न्हाई, गपगुमान फुटतं," मी म्हणाले. "आन् हे फुटलं तर तुमी परत उसाला जाणार. थांबवा."

त्यानं वळणावर गाडी बाजूला घेतली. मला भयंकर राग आला होता. सहा ठरले असताना दहा कावून केले, मी विचारलं.

"उसाच्या टोळीचा मुकादम आलता सकाळी," तो म्हणाला. "हंगामाला येतू का म्हणत होता. मी अजून न्हाई म्हणलं न्हाई. म्हणलं, समद्या डब्यांसकट गाडी घाट चढली तर न्हाई म्हणून सांगावं."

म्हणजे राहू का जाऊ, हे तो गाडीलाच विचारत होता. माझा राग तिथंच उतरला. मी म्हणाले, सहावर जेवढे डबे चढतात तेवढेच नेऊ, उरलेल्यांसाठी दुसरी खेप मारू. त्यानं बॉनेट उघडलं. टर्बोचा दाब कमी-जास्त करायच्या स्क्रूला हात लावता येईना इतकं सगळं तापलं होतं. ते निवेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, मग स्क्रू मागं फिरवला, खिशातून फोन काढला, मुकादमाला लावला आणि सांगितलं, दुसरा ड्रायव्हर बघा.