संगप्पानं न खोसलेली शेव

संगप्पा कापडवाल्याच्या डोक्याला दहा वर्षं फेटा लागला नव्हता. पोरीच्या लग्नातही गडी बोडकाच उभा राहिला. व्याही रुसले, संगप्पा हलला नाही. आणि गंमत अशी, की उदगीरच्या बाजूला त्याच्यासारखा फेटा बांधणारा दुसरा कुणी नव्हता.

याचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात. विहिरींनी तळ दाखवला तेव्हा संगप्पानं आपल्या बैलगाडीवर टिपाडं लादली, चार गडी गोळा केले आणि लांबून पाणी आणून घरोघर वाटलं. पुढं त्यालाच सेवा मंडळ म्हणू लागले. मंडळ म्हटल्यावर अध्यक्ष आलाच, आणि अध्यक्ष व्हायला जन्मलेला माणूस गावात एकच, शेषेराव. त्यांनी टिपाडाला कधी हात लावला नाही. पण भाषणात त्यांना घाम फुटायचा, तोही सेवेतच धरायचा.

तहसीलदारांच्या हस्ते मंडळाचा सत्कार ठरला. संगप्पानं सगळ्यांना फेटे बांधले, शेवटचा स्वतःसाठी ठेवला. त्याची बायको नीलम्मा बायांत पुढंच बसली होती. तेवढ्यात शेषेरावांचा मेहुणा उगवला. शेषेरावांनी तो उरलेला फेटा उचलला.

"हा बांध ह्याला."

"मालक, ह्यो माझा हाय."

"अरे, आचाऱ्याला कुणी पहिल्या पंगतीला बसवतं का?"

मांडव हसला. संगप्पानं मेहुण्याला फेटा बांधला. चांगला बांधला, हात खोटा नव्हता त्याचा. घरी आल्यावर नीलम्मा एवढंच म्हणाली, "सगळे हसले हो."

"ह्याच हातानं त्याचा उतरवीन. तवर माझं डोकं बोडकं."

मंडळ त्यानं सोडलं नाही. सोडलं तर शेषेरावांचं डोकं हाताखाली कसं यावं? युक्तीही ठरलेली होती. फेट्याची शेव, म्हणजे कापडाचं शेवटचं टोक, खोसायची नाही, नुसती घडीखाली दाबायची. ताठ माणसाच्या डोक्यावर असा फेटा दिवसभर टिकतो. कमरेत वाकला की गेला. घोडं तिथंच पेंड खात होतं. शेषेराव कुणापुढं वाकतच नव्हते. नमस्कार हनुवटीनं करायचे, तहसीलदाराच्या तर खांद्यावर हात टाकायचे. ते वाकतील असा मोठा साहेब बसायचा लांब उस्मानाबादेत. तो कशाला ह्या टोकाला फिरकतो?

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले ते रस्त्यांच्या आशेनं. संगप्पानंही वाटले, त्याची आशा निराळी होती. मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब यायचं ठरलं, आणि शेषेरावांना जिल्ह्याच्या कमिटीवर जायचं होतं.

"संगप्पा, असा बांध की साहेबानं बघत राहावं."

"हाव मालक. बघतच राहतील."

साहेब गाडीतून उतरले. शेषेराव अर्धे वाकले, मग पुरते वाकले, मग पायाला हात लावायला गेले. पेचामागून पेच सुटत सगळा फेटा साहेबांच्या बुटांवर जाऊन पडला. आमच्याकडं पागोटं पायावर घालतो तो गयावया करणारा. मग मागून म्हातारी शिवम्मा ओरडली, "मालक, एवढं काय मागायलेत?"

मांडव हसून फुटला.

कमिटी मिळाली त्यांना, खोटं कशाला बोला. पण गावातली हनुवटी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ते तणतणत दुकानात आले. संगप्पा गादीवर बसला होता. डोक्यावर गुलाबी फेटा, नीलम्मानं स्वतः कापड काढून दिलेला.

"शेव खोसली नव्हतीस तू!"

"न्हाई खोसली," संगप्पा म्हणाला. "ताठ माणसाला लागत न्हाई मालक. तुम्ही वाकाल, हे मला काय ठावं?"