दवाखान्याचा मुराळी

मोखाडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात पहिली बाई राहायला आली ती भात पोटरीला आलं होतं त्या दिवसांत, मोखाड्याच्या आठवडे बाजाराच्या दुपारी. उद्घाटनापासून तोवर ते घर रिकामं होतं. बाईबरोबर तिची सासू होती. दोघींना आणायला आरोग्य केंद्राच्या गाडीचा चालक गेला होता, मुराळी म्हणून, म्हणजे सासरहून बहिणीला माहेरी न्यायला येतो तो भाऊ म्हणून.

माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्या. लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बाईने तारीख जवळ आली की इथे येऊन राहायचं, जेवायचं, तपासून घ्यायचं आणि कळा सुरू झाल्या की पलीकडच्या प्रसूतीच्या खोलीत जायचं, अशी सोय. मी त्या वेळी जव्हारला राहून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. घर रिकामं आहे, एवढीच बातमी माझ्याकडे होती. पाहायला गेलो तेव्हा गाद्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं आणि नर्सबाई तिथे ओल्या चादरी वाळत घालत होत्या. दुसरी कोरडी जागा नव्हती.

“लिहा, खुशाल लिहा,” त्या म्हणाल्या. “पण अर्धीच बातमी कशाला नेता? उद्या पाड्यावर चला माझ्याबरोबर.”

पाडा पोशेऱ्याच्या पुढे, डोंगरात. गाडी ओढ्यापर्यंत जाते, पुढचा चढ पायी. तिथल्या एका घरातल्या सुनेला नववा लागला होता. तिचं पहिलं बाळ आधीच्या एका पावसाळ्यात गेलं. कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा भरून वाहत होता, डोली पलीकडेच अडली, बाळ तिथे जन्मलं आणि तिथेच गेलं. या खेपेला तिच्या अंगात रक्त कमी होतं. पाऊस लागला की ओढा अडवतो, उघडीप मिळाली की उतरतो. पुढच्या उघडिपीत ती खाली यावी, एवढंच नर्सबाईंना हवं होतं. पाड्यावरचीच आशा कार्यकर्ती, आशाताई, त्या घरी अनेकदा जाऊन आली होती. दर वेळी उत्तर एकच मिळे: “पाहू.”

सासू पडवीत काकडी चिरत बसली होती. आम्हा सगळ्यांच्या हातावर तिने मीठ लावलेल्या फोडी ठेवल्या आणि मग बोलायला लागली.

“बाई, तुमी सांगता माहेरघर. माहेराला बाई अशीच उठून जाते का? मुराळी कुठं हाय?”

नर्सबाई हसल्या. सासू हसली नाही.

“हिचे आईबाप गेले. भाऊ वसईकडं बिगारीला, त्याचा फोन लागत नाय. लग्नापासून हिला न्यायला कोन आला नाय. आता मीच हिला गाडीत बसवून धाडली तर पाडा काय म्हणेल? सासूनं हाकलली.”

“मावशी, तो दवाखानाच आहे हो,” आशाताई म्हणाली. “माहेरघर हे नुसतं नाव.”

“मग नाव कशाला ठेवलंत?”

सून दाराच्या आत उभी होती. “मुराळी आला तर मी जाईन,” ती म्हणाली. “या टायमाला मला ओढ्यावर नाय राहायचं.”

गाडीचा चालक पडवीच्या कडेला काकडी खात उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, जव्हारजवळच्या शेतकरी घरातला माणूस. हातातली फोड संपवून त्याने विचारलं, “मी चालेन का?”

सासूने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू तर डायवर.”

“डायवरला बहीण नसावी?”

“कुळ कोनता तुझा?”

“आरोग्य खातं.”

आधी आशाताईला हसू फुटलं, मग शेजारच्या पडवीतल्या बायांना. सासू सुरी पुसत म्हणाली, “रिकामे हातानं येतो का मुराळी? आन् खाकी घालून?”

“नाय.”

“मग नीट ये.”

आम्ही उतरलो आणि पाऊस लागला. पुढचे काही दिवस ओढ्यावरून कोणी गेलं नाही. नर्सबाई रोज आशाताईला फोन करून सुनेची विचारपूस करत. मधल्या काळात आरोग्य केंद्रात तयारी झाली. साडी नर्सबाईंनी स्वतःच्या कपाटातून काढली. डॉक्टर शहरात वाढलेले, तरुण. त्यांना मुराळी शब्द समजावून सांगावा लागला. समजल्यावर त्यांनी नारळ आणला आणि गाडीच्या फेरीचं कारण काय लिहायचं, असं वरच्या कार्यालयाला फोनवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “गरोदर मातेस आणणे. बाकी काही लिहू नका.”

बाजाराच्या दिवशी सकाळी ओढा उतरल्याचा निरोप आला. चालकाने पांढरा सदरा आणि टोपी घातली, बाजारात थांबून बुंदी बांधून घेतली. पाड्यावर बाया वाटच पाहत होत्या. त्याच्या पायांवर पाणी घातलं गेलं, बसायला घोंगडी आली आणि चेष्टा सुरू झाली.

“ए मुराळी, तुझे गाडीला भोंगा, आन् तू मुका?”

“एवढे वर्सं कुठं होतास रं? रस्ता चुकलास का?”

“रस्ताच नव्हता, ताई,” तो म्हणाला. “अजून पण नाय. ओढ्यात बूट भिजले माझे.”

ताटात नाचणीची भाकर आणि सुकट आली. दोन भाकरी खाऊन तो हात धुवायला उठू लागला, तशी सासूने तिसरी वाढली. “बहीण न्यायची तर खा.” त्याने खाल्ली. नर्सबाई आभाळाकडे पाहत होत्या. डोंगरामागे ढग जमले होते.

सून नवी साडी नेसून बाहेर आली. आता निघायचं, तोच नवा पेच उभा राहिला. बाईबरोबर घरचं एक माणूस राहावं, असा माहेरघराचा नियम. घरात दुसरी बाई नव्हती.

“मी नाय येनार,” सासू म्हणाली. “सुनेचे माहेरात सासू ऱ्हाते का कुठं?”

नर्सबाई एव्हाना या खेळात तयार झाल्या होत्या. “सासू म्हणून नका येऊ. विहीणबाई म्हणून या. मानपान करू.”

“चहा पयला मला?”

“पहिला तुम्हाला.”

सासू आत गेली आणि लगेच बाहेर आली. बोचकं बांधलेलंच होतं.

दुपारी गाडी आवारात शिरली तेव्हा डॉक्टर पायरीवर उभे होते. त्यांनी विहीणबाईंना स्वतःची खुर्ची दिली. चहा आधी तिला मिळाला. तो पाणचट आहे, असं तिने तिथेच सांगितलं. पुढे तिने विहिणीला शोभतील अशा खोडी काढल्या. खाट उंच, पोटुशी बाई चढेल कशी? न्हाणीला आतून कडी नाही. बाळंतिणीला कडकडीत पाणी लागतं, ते कुठं तापवणार? सकाळी पेज का नाही? खाटेजवळ लाकडी पायरी आली, कडी बसली, मागच्या शेडमध्ये तीन दगडांची चूल मांडली गेली आणि स्वयंपाकीण सकाळी नाचणीची पेज करू लागली. सुनेला लोहाची इंजेक्शनं सलाइनमधून दिली. तपासणीत रक्त वाढलेलं दिसलं. ते ऐकून सासू म्हणाली, “पेजेनं वाढलं.” नर्सबाईंनी वाद घातला नाही.

माझी बातमी मी बदलून पाठवली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. मुराळी हा शब्द डेस्कवर कापला गेला होता.

कळा एका पहाटे सुरू झाल्या. पाऊस मुसळधार होता आणि ओढा पुन्हा दुथडी भरल्याचं आशाताईने फोनवर कळवलं. मी सकाळी पोचलो तेव्हा सासू प्रसूतीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. तिने कोणाचाच चहा घेतला नव्हता. उजाडल्यावर काही वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. खणखणीत होता. नर्सबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, “मुलगी. दोघी ठीक आहेत.”

सासू उठली आणि बाकावरून थेट अंगणात गेली. चालक पावसात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन गाडीची काच पुसत होता.

“ए मुराळी!” ती ओरडली. “मामा झालास!”

त्याने फडकं गाडीवरच टाकलं. डॉक्टरांनी जव्हारहून पेढे मागवले. पहिला विहीणबाईला दिला.

पाचवी माहेरघरातच पुजली. ओढा उतरेपर्यंत तिघी तिथेच राहिल्या. त्या असतानाच आणखी एका पाड्यावरून तिथल्या आशाताईबरोबर निरोप आला: आमचीही सून तयार आहे, मुराळी धाडा. चालकाने सदरा धुवायला टाकला.

पाठवणीच्या दिवशी नर्सबाईंनी बाळंतिणीची ओटी भरली. डॉक्टरांनी बाळाचं वजन पुन्हा करून पाहिलं. वाढलं होतं. सासू पुढच्या सीटवर बसली आणि तिने चालकाला गाडी हळू हाकायला सांगितलं. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. बाळाचा बाप अलीकडे येऊन थांबला होता. चालकाने बाळ त्याच्या हातात दिलं आणि बाळंतिणीला हात धरून पलीकडे नेलं.

संध्याकाळी आशाताईचा फोन आला. तिघी घरी पोचल्या होत्या. बाळ दूध पीत होतं.