मुहूर्तमेढीतला भुंगेरा

रोह्याच्या कॉलेजात आम्ही प्राणिशास्त्र शिकवणारे चौघंच, पण जेवणाचे डबे उघडले की एवढे किस्से निघतात की पुढचं लेक्चर हमखास उशिरा सुरू होतं. त्यातले निम्मे तरी अनघा मॅडमचे!

मॅडमची पीएचडी तिळाएवढ्या भुंगेऱ्यावर. मादी एकटीच ओल्या लाकडात बोगदा कोरते, सोबत आणलेली बुरशी भिंतींवर पेरते आणि तीच पोरांना खाऊ घालते. नर घरातच! त्याला उडताही येत नाही.

हे ऐकून लॅबमधल्या सुरेखाताई म्हणाल्या, "यात नवीन काय हाय, मॅडम? आमच्या घरी या!"

*

पेणला हा भुंगेरा सापडला गणपतीच्या कारखान्यात, पाटांसाठी आणलेल्या आंब्याच्या ओल्या फळीत. भोकांतून भुशाच्या बारीक शेवया बाहेर आल्या होत्या. मालकाच्या मुलानं, नीलेशनं, मदत म्हणून कोयत्याचा घाव घातला आणि नेमकी मादीच चिरडली! मॅडमच्या डोळ्यांत पाणी.

नीलेशची आई धावत आली. "रडू नको गो, दुसरी फळी देते. ती करवतीनं कापू."

त्यानंतर मॅडमना पेणच्या फारच फळ्या तपासाव्या लागल्या. कारण आम्हाला लग्न ठरल्यावर कळलं!

*

अडलं होतं रोह्यात. "पेणला आहे, मग रोह्याला का नाही?" गाइड दर वेळी विचारायचे. रोह्याची नोंद मिळेपर्यंत प्रबंध पुढे सरकेना.

मरत्या झाडाला दारूसारखा वास सुटतो, त्यावर हे भुंगेरे येतात. म्हणून मॅडम बागाबागांतून स्पिरिटच्या बाटल्या टांगत फिरल्या. एकदा बाटली पर्समध्येच सांडली. एसटीतला कंडक्टर हळूच म्हणाला, "झोपा मॅडम, रोहा आला की उठवतो."

भुंगेरा काही मिळाला नाही, पण मॅडम थांबल्या नाहीत. त्या बाईचं मला मनापासून कौतुक वाटायचं.

*

लग्न रोह्यात, मॅडमच्याच दारात. मुहूर्तमेढ मामांच्या रोह्यातल्याच बागेतल्या आंब्याची, आठवड्यापूर्वी ताजी तोडून रोवलेली. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि नवरी गायब! बघतो तर मॅडम मेढीपाशी उकिडव्या, कपाळावर मुंडावळ्या, डोळ्याला भिंग. मेढीतून भुशाच्या शेवया!

"मामा, कोयता आणा!"

मावशीनं कपाळाला हात लावला. "लग्नाआधी मेढ फोडतेस? लग्न लागू दे, मग काय ते कर!"

"तोवर मादी उडून गेली तर?" मॅडम रडवेल्या झाल्या.

तेवढ्यात सासूबाई गर्दीतून पुढे आल्या.

"कोयता नको गो," त्या म्हणाल्या. "नीलेश, बोहल्यावरनं उतर! करवत आण."