एका हाताचं रीळ

आमच्या मामंजींना बैल पारखता यायचा, बियाणं पारखता यायचं, आणि सोयरीक जमवताना माणूस पारखण्यात तर त्यांच्या तोडीचं गावात कोणी नव्हतं. पण मासे धरायच्या रिळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला त्याहून नाही. तरी सासरा, सून आणि माझे मालक असे आम्ही तिघं त्या रिळासाठी पाचगणीला गेलो.

पासष्टच्या लढाईत ह्यांचा उजवा हात मनगटापासून गेला आणि हे पलटणीतून कायमचे घरी आले. त्याआधी सुट्टीवर आले की कृष्णेच्या डोहावरून हलायचे नाहीत. दोरीला गळ बांधून पाण्यात टाकायचा आणि मासा लागला की दोन्ही हातांनी दोरी ओढायची, इतकाच सरंजाम. मरळ मिळाली की अंगणातूनच मला हाक मारायचे. परत आल्यावर एकदाच डोहावर गेले. डाव्या हाताला दोरी गुंडाळून मासा ओढायला बघितला. दोरीनं तळवा कापला आणि मासा गेला तो गेलाच. त्यानंतर ओसरीवर बसून राहायचे. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर बोलायचे. मामंजी त्यांच्याभोवती येरझारा घालायचे आणि काही सुचलं नाही की माझ्यावर ओरडायचे.

माझा भाऊ पाचगणीत एका म्हाताऱ्या पारशी साहेबांच्या बंगल्यावर माळी होता. सणाला घरी आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, साहेबांकडं रीळ म्हणून एक यंत्र आहे, त्याची मूठ फिरवली की दोरी आपोआप गुंडाळते, ओढावं लागत नाही. साहेब आता बंगला सोडून मुंबईला मुलाकडं चाललेत, मागितलं तर देतीलसुद्धा. पुढचं मामंजींनी ऐकलंच नाही. मूठ फिरवायला एकच हात लागतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्याच आठवड्यात तुपाचा डबा घेऊन आम्ही निघालो. माहेरचा माणूस भेटेल म्हणून मलाही सोबत घेतलं.

साहेब भला माणूस. त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर तीन रिळं मांडली आणि मोडक्यातोडक्या मराठीत एकेकाचं कौतुक सुरू केलं. पहिलं पितळी, पतंगाच्या चक्रीसारखं साधं. दुसऱ्याच्या पोटात दातेरी चाकं होती, त्यामुळे दोरी झरझर गोळा व्हायची, पण अंगठ्यानं आवरली नाही तर गुंता. तिसरं नवं, त्याची मूठ काढून डाव्या बाजूला बसवता यायची. हे ऐकलं आणि मामंजी खुर्चीत पुढं सरकले. माझे मालक मात्र उजवा हात खिशात घालून बसले होते. साहेबांना काही ठाऊक नव्हतं. माझ्या भावानंही सांगितलं नसावं. आमच्या घरात त्या हाताचा विषय काढायचाच नाही अशी रीत पडून गेली होती.

मामंजींनी एकेक रीळ पारखायला घेतलं. आपला उजवा हात पाठीमागं धरायचा आणि डाव्यानं मूठ फिरवायची. साहेबांना वाटलं असेल, म्हाताऱ्याची काहीतरी लकब आहे. मूठ फिरवली की रीळच टेबलावर सरकायचं, मग साहेब हसत ते आपल्या हातानं दाबून धरायचे आणि रीळ कसं झकास फिरायचं. मामंजी मान डोलवून पुढचं रीळ घ्यायचे आणि साहेबांचा हात पुन्हा पुढं यायचा.

रीळ दाबून धरणारा तो दुसरा हात माझ्या ध्यानात आला. मी ह्यांच्याकडं पाहिलं. तेही त्या हाताकडंच बघत होते. परक्या माणसासमोर, सासऱ्यापुढं, डोक्यावरचा पदर सावरत मी काय बोलणार होते? आणि बोलायची मुभा असती तरी काय सांगितलं असतं?

साहेबांनी तिसरं रीळ मासे धरायच्या काठीला बसवलं आणि काठी ह्यांच्यापुढं धरली. ह्यांनी ती डाव्या हातात घेतली. साहेब आपले फिरवा, फिरवा म्हणत राहिले. तेव्हा ह्यांनी दुसरा हात खिशातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला.

"आबा, काठी धराय एक हात लागतोय आन् फिरवाय दुसरा," ते मामंजींना म्हणाले. "कंचंबी घेतलं तरी त्येच."

साहेबांचा चेहरा उतरला. मामंजी तिन्ही रिळांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"मग साहेब, एका हाताचं कंचं, तेवढं सांगा," मामंजी म्हणाले.

साहेब आत गेले आणि पत्र्याची पेटीच घेऊन आले. त्यातून मोडकी, गंजलेली, होती नव्हती ती सगळी रिळं निघाली. एकेक उचलून ते फिरवून बघत आणि बाजूला ठेवत. मामंजी प्रत्येक वेळी विचारत, हे तरी? आणि साहेब मान हलवत. हे कोणीतरी थांबवावं असं मला फार वाटत होतं. शेवटी ह्यांनीच पितळी रीळ उचललं, हलकं आहे, हेच घेऊ म्हणाले. मामंजी म्हणाले, त्यांनाही पहिल्यापासून तेच पसंत होतं.

स्टँडवर मामंजी गाडीची चौकशी करायला गेले तेव्हा मी ह्यांना विचारलं, फिरवता येत नाही ते घेतलं कशाला?

"न्हाई म्हटलं असतं तर म्हातारा उद्या आनी कुठंतरी हुडकाय निघाला असता," ते म्हणाले. "आता गप बसंल."

मला ह्यांचा राग आला, मामंजींचा आला, त्या बिचाऱ्या साहेबांचासुद्धा आला. रडू आलं ते मी पदरात जिरवलं.

तेवढ्यात मामंजी लगबगीनं परत आले. चहाच्या गाड्यावर त्यांना कोणीतरी खबर दिली होती.

"आरं, म्हाबळेश्वरात आनी एक साहेब हाय म्हणं. तळ्यावर मासं धरतोय. त्येच्याकडं निराळी रिळं असतील."

घरी जायची वाईची गाडी समोरच लागली होती. ह्यांनी बापाच्या हातातली रिळाची पिशवी घेतली, आणि आम्ही तिघं महाबळेश्वरच्या गाडीत जाऊन बसलो.