हॅड बीन रनिंग

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं कशातच मन लागंना.

आळेफाट्याच्या इंग्लिश क्लासमध्ये आज सरांनी 'हॅड बीन'ची वाक्यं करायला लावली. म्हणजे एखादी गोष्ट बरेच दिवस चालू होती आणि मग दुसरं काहीतरी घडलं.

मी उठून म्हटलं, "आय हॅड बीन रनिंग एव्हरी मॉर्निंग बिफोर आय गॉट मॅरीड." लग्नाआधी मी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायचे.

"व्हेरी गुड, एकदम करेक्ट!" म्हणत सर पुढच्या बाकाकडं वळले.

घरी येऊन नवऱ्याला वाक्य ऐकवलं. "लई भारी! बरोबर आलं की," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

पळणं का थांबलं, हे कुणीच विचारलं नाय राव!

आत्ता माळ्यावरून बूट काढलेत. उद्या पहाटे येडगाव धरणाकडं पळायला कोण कोण येतंय?